फिरत्या घराची कोठी आणि हिंवाळा

कॅनडाच्या आल्बर्टा प्रांतांतील हिंवाळा हा आपल्याकडील पौष-माघाच्या गारठ्याचा थोरला भाऊ नव्हे. त्याची जातच वेगळी आहे. कॅल्गरी शहरांत जानेवारीच्या रात्रीं पारा शून्याखालीं दहा-पंधरा अंश सेंटिग्रेडपर्यंत उतरणें ही नित्याची गोष्ट समजली जाते. उत्तर ध्रुवाकडील हवेची लाट खालीं सरकली म्हणजे तो उणे तीस अंशांवर जातो आणि कित्येक दिवस तेथेंच मुक्काम ठोकतो. अशा दिवसांत तेथील मोटारींच्या पुढल्या अंगांतून विजेची एक तार लोंबतांना दिसते. इंजिन गोठूं नये म्हणून त्यांत एक लहानसा हीटर बसविलेला असतो, आणि ही तार रात्रभर भिंतीच्या प्लगला जोडून ठेवतात. दाव्याला गुरें बांधावीं तशा मोटारी एका ओळीनें तारांना बांधलेल्या असतात.

अशा मुलुखांत लोक आपलें राहतें घर उबदार असतांना तें सोडून चाकांवरचें घर घेऊन डोंगरांत राहावयास जातात, हें मुंबई-पुण्याच्या श्रोत्यांस चमत्कारिक वाटेल. पण जातात खरे. बर्फावरून घसरत जाण्याचा खेळ, गोठलेल्या सरोवरांवरची मासेमारी, किंवा केवळ निवांतपणा, असे त्यांचे नाना हेतु असतात. बॅन्फच्या राष्ट्रीय उद्यानांत हिंवाळ्यांतहि कांहीं तळ उघडे ठेवलेले असतात. मोटारीच्या मागें जोडून ओढावयाचें किंवा मोटारीच्याच सांगाड्यावर बांधलेलें असें हें घर. त्याला तिकडे कॅम्पर म्हणतात. निजण्याच्या जागा, चूल, मोरी, शौचकूप, सर्व कांहीं त्यांत असतें. भिंती मात्र दोन-चार बोटें जाडीच्या.

या घराच्या पुढल्या भागीं, बहुधा बिछान्याच्या खालीं, एक आडवा कप्पा असतो. त्याचें दार बाहेरून उघडतें. जुन्या वाड्यांतील कोठीघराचें काम तो करतो: दोर, हत्यारें, पाण्याची नळी, खुर्च्या, बर्फांतले बूट, सारी अडगळ त्यांत. परंतु पुष्कळ गाड्यांत याच कोठींत घराची बॅटरी ठेवलेली असते, आणि पाण्याचा पंप व कांहीं नळहि तेथूनच जातात. म्हणजे घराचा प्राण आणि घराची अडगळ एकाच ठिकाणीं. शिवाय बांधणाराच्या दृष्टीनें ती अडगळीचीच जागा असल्यामुळें राहत्या खोलीइतकी काळजी तिच्या भिंतींविषयीं घेतलेली नसते.

ही कोठी थंड पडली तर बिघडतें काय? एखाद्या कुटुंबाची एक रात्र हिशेबानें पाहिली म्हणजे उत्तर मिळतें. कॅम्परला उबदार ठेवणारा हीटर प्रोपेन नांवाच्या वायूवर चालतो. वायूची टाकी भरलेली आहे. चिंता नाहीं, असें नवशिका समजतो. पण त्या हीटरची गरम हवा खोलीभर फिरविणारा पंखा विजेवर चालतो, आणि पंखा फिरल्याशिवाय हीटर पेटतच नाहीं. तशी त्यांत सुरक्षिततेची योजनाच असते. हा पंखा सुमारें सात अँपिअर प्रवाह घेतो. उणे वीस अंशांच्या रात्रीं तो निम्मा वेळ चालतो असें धरलें तर सरासरी साडेतीन अँपिअर झाले. आतां जुन्या पद्धतीची, शिसें व आम्ल यांची, शंभर अँपिअर-तासांची बॅटरी घ्यावी. तिच्या आयुष्याच्या काळजीनें तिचा अर्धाच सांठा वापरावयाचा असतो. आणि अशा थंडींत त्या अर्ध्याचाहि जेमतेम अर्धा भाग हातीं लागतो. उरले पंचवीस. त्यांना साडेतीननें भागलें म्हणजे सात तास. रात्रीं आठला हीटर लावला तर पहांटे तीनला पंखा मंदावतो, बंद पडतो, आणि त्याबरोबर ज्योतहि विझते. टाकींत वायु भरपूर, बाहेर उणे वीस अंश, भिंती दोन बोटांच्या, आंत मुलें निजलेलीं. थंडींत फिरणाऱ्या लोकांच्या तोंडीं कोठीची एवढी चर्चा असते ती या पहांटे तीनच्या भीतीपोटीं.

ही भीति टाळण्यासाठीं अलीकडे पुष्कळांनीं शिशाची बॅटरी काढून लिथियम, लोह आणि फॉस्फेट यांची बॅटरी बसविली आहे. या द्रव्याचा बॅटरीसाठीं उपयोग होईल असें १९९७ सालीं अमेरिकेतील टेक्सस विद्यापीठांतील जॉन गुडइनफ यांनीं अक्षय पाढी व नंजुंडस्वामी या सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केलेल्या निबंधांत दाखविलें. लिथियम बॅटरीविषयींच्या कार्याबद्दल गुडइनफ यांना इतर दोघां शास्त्रज्ञांसमवेत २०१९ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. ही बॅटरी वजनानें शिशाच्या बॅटरीच्या निम्म्याहूनहि हलकी. तिचा जवळजवळ सगळा सांठा वापरतां येतो आणि ती हजारों वेळां भरतां येते. थंडींत तिचाहि जोर कांहींसा घटतो, पण शिशाच्या बॅटरीइतका नव्हे.

मात्र तिचा एक स्वभावदोष आहे, आणि सगळी गुंतागुंत त्यांतून उद्भवते. ती थंडींत देते, पण घेत नाहीं. उणे वीस अंशांपर्यंत तिच्यांतून वीज काढतां येते. परंतु शून्याखालीं तिच्यांत वीज भरणें म्हणजे तिचा घात करणें होय. याचें कारण असें: बॅटरी भरतांना लिथियमचे कण एका बाजूकडून निघून दुसऱ्या बाजूच्या ग्रॅफाइटमध्यें शिरतात. ग्रॅफाइट हें पोथीच्या पानांसारखें थरांचें असतें, आणि लिथियमनें त्या पानांच्या फटींत जाऊन बसावयाचें असतें. थंडींत हा प्रवेश इतका मंद होतो कीं मागून येणारी गर्दी दारांतच तुंबते आणि लिथियम आंत शिरण्याऐवजीं पृष्ठभागावर धातूच्या लेपाप्रमाणें सांचतें. असें सांचलेलें लिथियम बहुतांशीं पुन्हां कामास येत नाहीं. तेवढी बॅटरी कायमची खंगली. लेपाला सुईसारखे कोंब फुटून ते मधला पडदा भेदतील आणि आंतल्या आंत दोन्ही बाजू जुळतील, हा याहून मोठा धोका. वीज काढतांना कणांना पोथींतून फक्त बाहेर पडावयाचें असतें, म्हणून ती अडचण येत नाहीं.

शिशाच्या बॅटरीची तऱ्हा निराळी. तिच्यांतील गंधकाम्ल बॅटरी पूर्ण भरलेली असतां इतकें तीव्र असतें कीं तें उणे साठ अंशांच्या आसपासहि गोठत नाहीं. बॅटरी रिकामी होत गेली कीं आम्ल खर्ची पडून मागें जवळजवळ पाणीच उरतें, आणि तें उणे सात-आठ अंशांवर गोठून डबा फोडतें. म्हणजे एकीला भरलेली ठेवली कीं ती तरते. दुसरीला भरण्यापूर्वीं ऊब द्यावी लागते. हा भेद न समजल्यामुळें एकीचे नियम दुसरीला लावून दोन्ही बिघडविणारे लोक पुष्कळ आहेत.

येथें सूर्यहि अवचित शत्रुपक्षास मिळतो. पुष्कळ कॅम्परच्या छतावर सूर्यप्रकाशापासून वीज करणारे तक्ते बसविलेले असतात. कॅल्गरी उत्तरेस ५१ अक्षांशांवर आहे. डिसेंबरच्या एकविसाव्या दिवशीं भर दुपारींहि सूर्य तेथें क्षितिजापासून साडेपंधरा अंशांहून वर चढत नाहीं आणि आठ तासांच्या आंत मावळतो. छतावर आडव्या निजलेल्या तक्त्याला अशा तिरप्या उन्हाचा पाव हिस्साच लाभतो. वर बर्फ सांचलें असेल तर तेंहि नाहीं. पण जें कांहीं येतें तें सूर्योदयानंतर येऊं लागतें, आणि बॅटरी रात्रभराच्या गारठ्यानें अगदीं थिजलेली असते तीहि नेमकी त्याच वेळीं. मालक झोपलेला असतो, ऊन आपलें काम करूं लागतें. चांगल्या बॅटरींत अशा वेळीं भरणा आपोआप तोडणारें रक्षक यंत्र असतें. स्वस्तांतल्या कित्येकींत तें नसतें, किंवा जाहिरातींत असतें आणि डब्यांत नसतें. विकत घेतांना इतर शंभर गुणांपेक्षां ही एक गोष्ट विचारून घेणें अधिक महत्त्वाचें आहे.

मग कोठी गरम करावी, हें ओघानेंच आलें. पण कशानें, आणि किती? येथें थोडें गणित केल्याशिवाय गत्यंतर नाहीं. दोन मीटर लांब आणि साठ सेंटिमीटर रुंद व तितकीच उंच अशी कोठी घेतली तर तिच्या सहा बाजूंचें क्षेत्रफळ साडेपांच चौरस मीटर भरतें. पातळ भिंतींतून, आंत-बाहेर एक अंशाचा फरक असतां, दर चौरस मीटरमागें सुमारें दोन वॉट उष्णता निसटते असें धरावें. बाहेर उणे वीस आणि आंत अधिक पांच, म्हणजे फरक पंचवीस अंशांचा. गुणाकार केला म्हणजे पावणेतीनशें वॉट होतात. एवढी उष्णता अहोरात्र पुरवावयाची तर दिवसाला सहा हजार सहाशें वॉट-तास लागतील. आणि शंभर अँपिअर-तासांच्या एका लिथियम बॅटरीच्या पोटांत असतात अवघे बाराशें ऐंशी! ज्या बॅटरीला ऊब द्यावयाची तशा पांच बॅटऱ्या रोज जाळून ती द्यावी लागेल. कोठी विजेवर गरम ठेवूं म्हणणाराचा मनसुबा येथेंच कोसळतो, आणि कोसळावा हें बरें.

त्याच कोठीला आंतून एक इंच जाडीच्या, फेसाळ प्लॅस्टिकच्या कठीण तक्त्यांचें अस्तर दिलें तर निसटणारी उष्णता शंभर वॉटांवर येते. सुधारणा मोठी, पण अजून दोन बॅटऱ्यांचा रोजचा खर्च आहेच. आतां कोठीचा नाद सोडून नुसत्या बॅटरीपुरती, हात-दीड हात लांबीची पेटी करावी आणि तिला तोच तक्ता दोन इंच जाड लावावा. पेटीचें क्षेत्रफळ एक चौरस मीटरहून कमी. गळती बारा-तेरा वॉट, म्हणजे दिवसाला तीनशें वॉट-तास. पाव बॅटरीहूनहि कमी! पावणेतीनशेंवरून तेरावर येण्यासाठीं कोणताहि जादा हीटर लागला नाहीं. जागा आटोपती केली आणि तिला गुंडाळलें, एवढेंच.

धनगराची घोंगडी ऊब देत नाहीं. अंगची ऊब जाऊं देत नाहीं. हें ज्यास पटलें त्यास कोठीचें शास्त्र निम्में समजलें. घोंगडीला थंडी व ऊन यांत भेदहि कळत नाहीं. १८३३ सालीं बॉस्टन बंदरांतून निघालेल्या जहाजानें चार महिन्यांचा प्रवास करून आणि विषुववृत्त दोनदां ओलांडून बर्फ कलकत्त्यास आणलें. पुढें तें मुंबईसहि येऊं लागलें आणि त्याच्यासाठीं बर्फखाना बांधला गेला. त्या बर्फाचें रक्षण करावयास कोणतेंहि यंत्र नव्हतें. लाकडाचा भुसा, गवत यांसारख्या क्षुल्लक वस्तूंत कोंडून धरलेली स्तब्ध हवाच होती. फेसाळ तक्त्यांतहि तेंच आहे: लक्षावधि बुडबुडे आणि प्रत्येकांत अडकलेला वायूचा कण.

अस्तर लावतांना दोन ठिकाणीं लोक फसतात. पहिलें ठिकाण म्हणजे धातूची चौकट. अॅल्युमिनियम उष्णतेचें उत्तम वाहक. सगळ्या भिंतीला अस्तर दिलें आणि चौकटीचा एक पट्टा उघडा राहिला तर घागरीला भोंक राहिल्यासारखेंच होतें. दुसरें ठिकाण दार. दाराभोंवतींची रबरी पट्टी थंडींत कडक होऊन आक्रसते, आणि त्या फटींतून वारा शिरला कीं बाकीचें सर्व अस्तर व्यर्थ. वाऱ्याचा बंदोबस्त करण्यासाठीं जाणते लोक गाडीच्या तळाभोंवतीं जाड कापडाची झालर बांधतात, तिच्या पायथ्याशीं बर्फ ओढून बसवितात. बर्फाच्या पोकळ्यांत हवा असल्यामुळें तें स्वतःच उष्णतेचें चांगलें रोधक आहे.

पेटी झाली म्हणजे तिच्यांत ऊब देणारी वस्तु अगदीं साधी लागते. सिलिकोन रबराची, आंत तारेचें जाळें असलेली बारा व्होल्टांची चकती मिळते. ती अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याखालीं चिकटवून पत्र्यावर बॅटरी ठेवतात, म्हणजे उष्णता एका जागीं न डागतां सर्व तळाला सारखी पोंचते. बारा किलोग्रॅम वजनाची बॅटरी वीस अंशांनीं तापविण्यास सुमारें सत्तर वॉट-तास पुरतात, म्हणजे तिच्या स्वतःच्या सांठ्याचा सुमारें अठरावा हिस्सा. चाळीस वॉटांची चकती हें काम, गळती धरूनहि, दोन-अडीच तासांत करते. थंडींत बॅटरी वीज देऊं शकते हा तिचा गुण येथें उपयोगीं पडतो: ती स्वतःच्याच शिदोरींतून स्वतःला ऊब घेते आणि मग भरणा स्वीकारण्यास सिद्ध होते. कांहीं बॅटऱ्यांत ही सोय आंतच केलेली असते. भरण्यासाठीं आलेला प्रवाह प्रथम चकतीकडे वळतो आणि घट पांच अंशांच्या वर गेला म्हणजे मगच आंत सोडला जातो.

चकतीला उष्णमानाबरोबर चालूं-बंद होणारा खटका हवाच. तो तीन-चार अंशांवर चालूं व्हावा आणि आठ-दहांवर बंद व्हावा. खटक्याचा स्पर्शक बॅटरीच्या अंगाला चिकटलेला असावा, पेटींतील हवेंत लोंबणारा नसावा. आणि तारेच्या मुळाशीं फ्यूज असावा. बॅटरी निरुपयोगी झाली तर पैसे जातात. फ्यूजवांचून तापलेली तार फेसाळ तक्त्याला लागली तर सगळें घर जातें.

पूर्वीं उत्तर अमेरिकेंतील शेतकरी विहिरीच्या पंपावरील खोपटांत हिंवाळाभर एक विजेचा दिवा लावून ठेवीत. चाळीस-साठ वॉटांचा तो दिवा उजेडापेक्षां उष्णताच अधिक देई आणि पंप गोठत नसे. कॅम्परच्या कोठींतहि हा उपाय अनेकांनीं केला. आतां नव्या तऱ्हेचे दिवे थोड्या विजेंत उजेड देतात आणि जवळजवळ तापत नाहींत, म्हणून जुन्या दिव्याची ती अडाणी उदारता नाहींशी झाली. हळहळ करण्यासारखें त्यांत फारसें नाहीं. दोर, कापड, रंगाचे डबे यांच्या गर्दींत उघडा तापता दिवा टांगणें हें केव्हांहि जोखमीचेंच होतें.

ज्या तळावर वीज मिळते तेथें प्रश्न पुष्कळ सोपा होतो. तिकडील साध्या जोडणींतून १२० व्होल्ट दाबाचा ३० अँपिअरपर्यंत प्रवाह मिळतो, म्हणजे ३,६०० वॉट. खोलींतला विजेचा हीटर त्यांपैकीं १,५०० घेतो, बॅटरी भरणारें यंत्र कांहीं घेतें, उरलेल्यांत स्वयंपाक. पण अशा तळावरहि कोठीसाठीं निराळा हीटर लावण्यापेक्षां खोलीची ऊब कोठींत आणणें शहाणपणाचें असतें. बिछान्याखालची मधली फळी म्हणजे कोठीची एक भिंतच. तिला दोन जाळीदार भोंकें पाडून एकांत दोन वॉटांचा चिमुकला पंखा बसविला कीं खोलीची हवा कोठींत फिरूं लागते. खोली माणसांसाठीं तापवावी लागतेच. त्या खर्चांत बॅटरी, पंप आणि नळ तिघेहि निभावतात. नळांचें महत्त्व विसरूं नये. पाणी गोठतांना सुमारें नऊ टक्के फुगतें, आणि पंपाचा प्लॅस्टिकचा गळा तेवढें फुगणें सोसत नाहीं. फुटल्याचें त्या वेळीं कळतहि नाहीं. बर्फ वितळलें म्हणजे कळतें. मात्र हा उपाय करण्यापूर्वीं एक अट काटेकोरपणें पाळावी लागते. कोठींत शिशाची उघडी बॅटरी असेल तर ती भरतांना हायड्रोजन सोडते, आणि तो बाहेर जाण्यासाठीं बॅटरीचा डबा बंद व बाहेर वाट असलेला असावा लागतो. तसा तो नसेल तर खोलीशीं संबंध जोडूं नये.

ऊब कोंडण्याच्या लोभानें माणसें जीं भोंकें बुजवितात त्यांची कथा याहून गंभीर आहे. प्रोपेनच्या टाक्या ज्या कप्प्यांत असतात त्याच्या तळाशीं मुद्दाम झरोके ठेवलेले असतात. प्रोपेन हवेहून जड असल्यामुळें गळती झालीच तर तो खालून बाहेर वाहून जावा, हा त्यांचा हेतु. थंड वारा येतो म्हणून त्यांत चिंध्या कोंबणें म्हणजे गळलेला वायु घरांत सांचवून ठेवणें. त्या टाक्यांना थंडीचें भयहि नाहीं. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायुरूप होत राहतो. आपल्याकडील घरगुती सिलिंडरांत प्रोपेनबरोबर ब्यूटेनहि मिसळलेला असतो आणि ब्यूटेन शून्याच्या आसपासच वायु होणें सोडतो. म्हणून लडाखसारख्या ठिकाणीं हिंवाळ्यांत सिलिंडर भरलेला असूनहि चूल मंदावते. तो अनुभव मनांत धरून आल्बर्टांतल्या टाकीला गोधडी गुंडाळण्याचें कारण नाहीं.

धुराडें नसलेली वायूची शेगडी कोठींत किंवा निजण्याच्या खोलींत पेटती ठेवणें हा तर सरळ आत्मघात. हवा अपुरी पडली कीं कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला वास नाहीं, रंग नाहीं. रक्तांतील हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूपेक्षां दोनशेंपटींहून अधिक घट्ट धरून ठेवतें. डोकें दुखतें, झोप येते, आणि निजलेला माणूस उठत नाहीं. त्याची सूचना देणारें यंत्र प्रत्येक कॅम्परमध्यें असावें आणि थंडी सुरू होण्यापूर्वीं त्याची कळ दाबून तें बोलतें कीं नाहीं हें पाहावें. शेगडीचा दुसरा उपद्रव म्हणजे ओल. एक किलोग्रॅम प्रोपेन जळला म्हणजे दीड किलोग्रॅमहून अधिक पाण्याची वाफ होते. धुराडें नसेल तर ती सगळी आंतच राहते आणि कोठीच्या गार पत्र्यावर दंव होऊन, मग बर्फ होऊन बसते. बॅटरीच्या टोंकांवर हिरवट गंज चढतो तो अशा ओलीमुळें.

पुष्कळांचा कॅम्पर हिंवाळाभर कोठें जातच नाहीं. अंगणांत बर्फाखालीं उभा असतो. कॅनडांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपैकींहि ज्यांच्यापाशीं असें वाहन आहे त्यांतील बहुतेकांची गोष्ट हीच असावी. अशा उभ्या गाडीची कोठी गरम ठेवण्याचा खटाटोप करूं नये. वापर नसतांनाहि वायूची सूचना देणारें यंत्र, रेडिओचें घड्याळ असलीं बारीकसारीक उपकरणें मिळून पाव-अर्धा अँपिअर प्रवाह पीतच असतात. दिवसाला दहा अँपिअर-तास धरले तरी दहा दिवसांत शंभरांची बॅटरी ठणठणीत. म्हणून बॅटरी सोडवून घराच्या तळघरांत न्यावी: शिशाची असेल तर पूर्ण भरून आणि महिन्या-दोन महिन्यांनीं पुन्हां भरत राहून, लिथियमची असेल तर निम्मी भरलेली, तारा सोडवून. नळांतील पाणी काढून त्यांत न गोठणारें गुलाबी द्रव्य सोडावें. तें प्रॉपिलीन ग्लायकॉलचें असावें, मोटारीच्या इंजिनांत घालतात तें एथिलीन ग्लायकॉल नव्हे. तें विषारी आहे.

थंडींत हिंडणारांना मात्र आल्बर्टाचा एक वारा फसवितो. रॉकी पर्वत ओलांडून पश्चिमेकडून तो येतो. पलीकडील उतारावर ओल सांडून आणि अलीकडे उतरतांना दाबानें तापून तो कोरडा व ऊबदार होतो. त्याचें नांव चिनूक. कांहीं तासांत उष्णमान वीस अंशांनींहि चढतें, छपरावरून पाणी ठिबकूं लागतें, लोक कोट काढतात. मालक म्हणतो, आतां भरणा सुरू करण्यास हरकत नाहीं. पण हवा तापली तरी बारा किलोग्रॅमचा घट तापलेला नसतो. उत्तम अस्तर दिलेल्या पेटींत तर बाहेरची ऊब आंत शिरण्यास दिवस लागावा, कारण घोंगडी दोन्हीकडून सारखीच आडवी येते. चकती बंद ठेवलेली असेल तर अशा दुपारीं बाहेर अधिक आठ आणि घटाच्या अंगीं उणे सहा असा प्रकार सहज घडतो. यावर उपाय स्वस्त आहे. एक स्पर्शक बाहेर आणि दुसरा घटाला चिकटविलेला असा दुहेरी उष्णतामापक दाराशीं टांगावा, आणि भरणा सुरू करतांना दुसरा आंकडा पाहावा.

राहतां राहिले उंदीर. ही सगळी योजना उत्तम जमली म्हणजे त्या ओसाड पांढऱ्या रानांतील सर्वांत ऊबदार, कोरडी आणि निवाऱ्याची जागा कोठीच होते, हें त्यांच्या ध्यानांत मालकाच्या अगोदर येतें. फेसाळ तक्ता ते आनंदानें कुरतडतात, त्याचाच भुसा करून घरटें मांडतात, आणि दांत शिवशिवले कीं तारांचें वेष्टण सोलतात. एवढ्यासाठीं तारा व नळ ज्या भोंकांतून कोठींत शिरतात तेथें पोलादी लोंकर घट्ट कोंबतात. ती त्यांच्या दांतांना मानवत नाहीं. वायूच्या टाक्यांच्या झरोक्यांना मात्र लोंकर नव्हे, बारीक तारेची जाळी लावावी, म्हणजे उंदीर अडतो आणि वायूची वाट मोकळी राहते.